किडनीच्या स्लाइडवरची हद्द संगणकाकडून कशी आखून घ्यायची

नाशिकच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की ‘एआय वापरून मेडिकल इमेजमधले अवयव ओळखणे’ हा विषय कुणाच्या ना कुणाच्या यादीत असतोच. इंटरनेटवरून तयार चित्रं उतरवायची, तयार मॉडेल चालवायचं, नव्वदच्या पुढचा आकडा दाखवायचा आणि रिपोर्ट बाइंडिंगला द्यायचा, अशी बहुतेकांची वाट असते. त्यातून मॉडेल चालवायचा सराव नक्की होतो. पण पॅथॉलॉजिस्टच्या हाती काही लागत नाही, कारण एखाद्या भागाची हद्द नेमकी कुठे आहे आणि ती तिथेच आहे हे ठरवलं कुणी, हा प्रश्न त्यात कुणी विचारलेलाच नसतो.

हा लेख थोडंफार पायथन येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि संगणकाची भीती बाजूला ठेवायला तयार असलेल्या पॅथॉलॉजीच्या रेसिडेंट डॉक्टरांसाठीही. नाशिकमध्ये या दोघांची गाठ पडणं अवघड नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथेच आहे, म्हसरूळला. आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबई नाका आणि गंगापूर रोडच्या परिसरात हॉस्पिटलं आणि लॅब आहेत. उदाहरण म्हणून मी किडनी घेतो. तिच्यात दोन अगदी वेगळ्या आकारांच्या हद्दी एकाच स्लाइडवर सापडतात: कॉर्टेक्स (किडनीचा बाहेरचा थर) आणि मेड्युला (आतला भाग) यांच्यामधली काही मिलिमीटरच्या हिशेबातली हद्द, आणि ग्लोमेरुलस नावाच्या रक्त गाळणाऱ्या गुंडाळीभोवतीची, साधारण २०० मायक्रॉन व्यासाची.

लॅपटॉप उघडण्याआधी काच बघा

पहिलं काम हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये जाऊन उभं राहणं. तिथल्या टेक्निशियन ताईंना किंवा दादांना विचारा, ते आनंदाने दाखवतात. फॉरमॅलिनमध्ये आलेला नमुना ग्रॉसिंगच्या टेबलावर कापला जातो, प्रोसेसिंगमध्ये त्यातलं पाणी काढून मेण भरलं जातं, मेणाचा ब्लॉक तयार होतो आणि मायक्रोटोम या कापणाऱ्या यंत्रावर त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे सेक्शन निघतात. मेच्या उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, सेक्शन चेपतो, म्हणून ब्लॉक बर्फावर ठेवून कापतात. मग ती रिबन कोमट पाण्यावर पसरवायची, काचेवर उचलायची आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने (थोडक्यात एच-अँड-ई) रंगवायची. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं कारण असं की यातल्या प्रत्येक टप्प्यावर खोट्या हद्दी तयार होतात. पाण्यावर सेक्शनला घडी पडली तर तिथे गडद रेघ दिसते. सुरीला खाच असेल तर सरळ ओरखडा उमटतो. कव्हरस्लिपखाली हवेचा बुडबुडा राहिला तर त्याची काळी गोल कड दिसते. डॉक्टरांनी मार्करने काचेवर ठिपका दिला असेल तर संगणकाला तोही टिश्यूच वाटतो. मॉडेलला रेघ दिसते, पण ती शरीरातली की पाण्यावरच्या घडीची हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तुम्ही एकदा घडी पडताना पाहिली असेल तर स्क्रीनवर ती चटकन ओळखाल.

परवानगी आणि लेबल

हा भाग थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. रुग्णांच्या स्लाइड वापरायच्या तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्यायची. नुसतं ‘सर हो म्हणाले’ एवढ्यावर भागत नाही. जुन्या, नाव काढलेल्या स्लाइडसाठी संमतीपत्रातून सूट मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, आपण नाही.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. स्कॅनरमधून येणाऱ्या एसव्हीएससारख्या फाइलमध्ये टिश्यूच्या चित्राबरोबर काचेवरच्या लेबलचाही छोटा फोटो साठवलेला असतो. त्यावर बायोप्सी नंबर असतो, कधी रुग्णाचं नावही. फाइलचं नाव बदललं तरी तो फोटो आत तसाच राहतो. म्हणून स्लाइड लॅबबाहेर पडण्याआधी तो काढून टाका आणि काढला गेला की नाही हे फाइल उघडून पाहा.

स्वतःच्या स्लाइड मिळेपर्यंत सरावाला सार्वजनिक डेटा घ्या. ‘ह्युबमॅप’ प्रकल्पाने कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावर किडनीच्या स्लाइड ग्लोमेरुलसच्या आखणीसकट खुल्या केल्या आहेत. फक्त एक ध्यानात असू द्या: त्या स्लाइड पीएएस या रंगाने रंगवलेल्या आहेत. पीएएसमध्ये ग्लोमेरुलसभोवतीचा पडदा ठळक किरमिजी दिसतो, एच-अँड-ईमध्ये तो इतका उठून दिसत नाही. त्या डेटावर शिकलेलं मॉडेल आपल्याकडच्या गुलाबी स्लाइडवर जसंच्या तसं चालेल अशी अपेक्षा धरू नका. मोठ्या आतड्यातल्या ग्रंथींचा ‘ग्लास’ हा २०१५ च्या स्पर्धेचा संच मात्र एच-अँड-ईचा आहे. त्यात १६५ चित्रं आहेत, ८५ शिकवायला आणि ८० तपासायला. पहिल्या महिन्याच्या सरावाला मी तोच सुचवतो. आकाराने लहान आहे आणि साध्या लॅपटॉपवर मावतो.

फाइल केवढी असते

२० मिलिमीटर लांब आणि १५ मिलिमीटर रुंद टिश्यूचा तुकडा ४० एक्सवर स्कॅन केला, तर एक पिक्सेल साधारण पाव मायक्रॉनचा पडतो. म्हणजे ८०,००० गुणिले ६०,००० पिक्सेल, ४८० कोटी. प्रत्येकी तीन बाइट धरले तर कॉम्प्रेशनशिवाय १४ जीबीच्या वर. म्हणून ही फाइल पिरॅमिडसारखी साठवतात: तेच चित्र मोठ्यापासून लहानापर्यंत अनेक पातळ्यांवर. हवी ती पातळी आणि हवा तेवढाच तुकडा वाचायचा. पायथनमधून वाचायला ओपनस्लाइड ही लायब्ररी आहे. बघायला आणि आखायला क्युपाथ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात सुरू झालं आणि आता एडिनबरा विद्यापीठातून सांभाळलं जातं. नवख्याने पहिले काही दिवस कोड न लिहिता फक्त क्युपाथमध्ये स्लाइड फिरवत बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणत्या पातळीवर काम करायचं हे आपण काय शोधतोय यावर ठरतं. मॉडेलला साधारणपणे ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलचे तुकडे देतात. पाव मायक्रॉनच्या पातळीवर २०० मायक्रॉनचा ग्लोमेरुलस ८०० पिक्सेलचा होतो, म्हणजे तुकड्यात मावतच नाही. एका पिक्सेलला एक मायक्रॉन या पातळीवर तो २०० पिक्सेलचा होतो आणि भोवतालासकट नीट दिसतो. कॉर्टेक्स-मेड्युलासाठी त्याहून खाली, पिक्सेलला ४ ते ८ मायक्रॉनवर उतरा. तिथे एकेक पेशी दिसत नाही, पण इथे काम पोताचं असतं. ‘जास्त झूम म्हणजे जास्त अचूक’ हा समज इथेच सोडून द्या.

काच आणि टिश्यू वेगळे करा

स्लाइडचा बराच भाग नुसती पांढरी काच असते. ती आधी वगळली तर पुढचं सगळं काम हलकं होतं. सर्वात लहान पातळीचं चित्र घ्या, त्यातली रंगाची गडदता म्हणजे सॅच्युरेशन काढा आणि त्यावर ओत्सूची पद्धत लावा. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत पिक्सेलचे दोन गट पाडणारा उंबरठा स्वतःच शोधते. पायथनच्या कोणत्याही इमेज लायब्ररीत ती एका ओळीत मिळते. नंतर बारीक ठिपके काढून टाका, लहान भोकं बुजवा. किडनीभोवतीची चरबी फिकट असते, ती इथे गळून जाऊ शकते. ती हवी असेल तर उंबरठा हाताने खाली घ्या.

हद्दीचा नियम कागदावर लिहा

आता मुख्य काम. याला घाई करू नका.

शेताला बांध असतो तशी स्वच्छ रेघ किडनीत कॉर्टेक्स आणि मेड्युलाच्या मध्ये नसते. पुस्तकात वाक्य सोपं असतं: ग्लोमेरुलस कॉर्टेक्समध्ये असतात, मेड्युलात नसतात. स्लाइडवर मात्र शेवटचा ग्लोमेरुलस संपल्यावर हद्द लगेच धरायची की थोडी पुढे, हे त्या वाक्यातून कळत नाही. त्यातच कॉर्टेक्सच्या आत सरळ नलिकांच्या जुड्या शिरलेल्या दिसतात, त्यांना मेड्युलरी रे म्हणतात. त्यांच्यात ग्लोमेरुलस नसतात आणि त्या दिसायला थेट मेड्युलासारख्या. नवखा माणूस त्यांना मेड्युला म्हणून रंगवतो, आणि मॉडेलही तेच शिकतं.

एखाद्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या शेजारी दोघांना एकाच वेळी बघता येणाऱ्या मायक्रोस्कोपवर बसलात तर हे पाच मिनिटांत उलगडतं. त्या लो पॉवरवर स्लाइड सरकवत म्हणतात, “ही रे आहे बघ, दोन्ही बाजूंना ग्लोमेरुलस आहेत ना, मग ही कॉर्टेक्समध्येच धरायची.” पुढे सरकून एका जाड भिंतीच्या रक्तवाहिनीवर थांबतात. “आणि ही आर्क्युएट. ही दिसली की समज, सांधा इथेच आहे.” आर्क्युएट रक्तवाहिन्या कॉर्टेक्स आणि मेड्युलाच्या सांध्यालगत कमानीसारख्या धावतात, म्हणून हद्द शोधायला त्यांच्याइतकी भरवशाची खूण नाही. मॅडम हे सहज बोलून जातात. तुमचं काम ते जसंच्या तसं लिहून घेण्याचं.

नियमाचा कागद असा असावा. मेड्युलरी रे कॉर्टेक्समध्ये मोजायची. आर्क्युएट वाहिनी दिसत असेल तर हद्द तिच्या मध्यातून न्यायची. मेड्युलाच्या दोन त्रिकोणी भागांच्या (पिरॅमिडच्या) मधला कॉर्टेक्सचा खांब कॉर्टेक्सच. किडनीवरचं बाहेरचं आवरण, म्हणजे कॅप्सूल, वेगळं नाव देऊन आखायची. ग्लोमेरुलसची हद्द त्याच्याभोवतीच्या पिशवीच्या, म्हणजे बोमन कॅप्सूलच्या, बाहेरच्या कडेने, आतली पांढरी पोकळी धरून. पूर्ण कडक झालेला, गुलाबी गोळा झालेला ग्लोमेरुलस मोजायचा, पण वेगळ्या नावाने. कडेने निसटता कापला गेलेला, ५० मायक्रॉनपेक्षा लहान तुकडा सोडून द्यायचा. आणि एक नाव ‘ठरत नाही’ असं ठेवायचं. जिथे डॉक्टरांनाही खात्री नाही तिथे मॉडेलवर उत्तर लादू नका. तेवढे पिक्सेल शिकवताना आणि मोजताना दोन्ही वेळा वगळा.

हे नियम असेच असले पाहिजेत असं नाही. तुमच्या डॉक्टरांचा प्रश्न नुसत्या रक्तवाहिन्यांच्या गुंडाळीचा असेल तर पोकळी बाहेर ठेवा. पण एकदा जे ठरलं ते सगळ्यांनी सगळ्या स्लाइडवर सारखं पाळायचं.

आखणी

क्युपाथमध्ये आखायच्या साधनांपैकी मोठ्या भागांसाठी ब्रश आणि वाँड, ग्लोमेरुलससाठी पॉलिगॉन बरा पडतो. प्रत्येक आखणीला नाव द्या आणि जिओजेसन या फाइल-प्रकारात बाहेर काढा. २०२३ मध्ये आलेलं ‘सेगमेंट एनीथिंग’ हे मॉडेल एका क्लिकवर बाह्यरेषा सुचवतं, वेळ वाचतो. पण ते दिसणाऱ्या कडेला चिकटतं, तुमच्या नियमाला नाही. पोकळीच्या आतली कड जास्त ठळक असेल तर तीच धरेल. म्हणून सुचवलेली प्रत्येक रेषा तपासूनच ठेवा.

आखायला डॉक्टरच हवेत असं नाही. तपासायला मात्र हवेतच. २०१७ मध्ये अमित सेठी, नीरज कुमार आणि सहकाऱ्यांनी आयआयटी गुवाहाटीतून पेशीकेंद्रकांच्या आखणीचा एक संच प्रसिद्ध केला. सात अवयवांची ३० चित्रं, २१ हजारांहून जास्त केंद्रकं. आखणारे इंजिनीअरिंगचे विद्यार्थी होते आणि पडताळणी पॅथॉलॉजिस्टची. तो संच पुढे जगभर वापरला गेला. बारकाईने काम केलं तर विद्यार्थ्यांच्या हातूनही केवढं उभं राहतं, याचं हे आपल्या देशातलं उदाहरण.

काही स्लाइड दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचं न बघता आखाव्यात. दोघांची रेष जिथे जुळत नाही तिथे नियमाच्या कागदात काहीतरी सुटलेलं असतं. दोन माणसांमध्ये जेवढं एकमत आहे त्यापेक्षा मोठा आकडा मॉडेल दाखवत असेल, तर ते बहुधा एकाच माणसाची सवय पाठ करतंय.

रुग्णानुसार वाटणी

शिकवायचे, जुळवायचे आणि शेवटी तपासायचे असे तीन गट रुग्णांनुसार पाडा, तुकड्यांनुसार कधीच नाही. एकाच स्लाइडचे शेजारशेजारचे तुकडे शिकवण्यात आणि तपासणीत दोन्हीकडे गेले तर आकडा सुंदर येतो आणि तो खोटा असतो. एका रुग्णाच्या दोन स्लाइड असतील तर त्याही एकाच गटात.

मॉडेल

यावर इंटरनेटवर भरपूर साहित्य आहे, त्यामुळे जे लागतंच तेवढं सांगतो. सुरुवात क्युपाथमधल्या पिक्सेल क्लासिफायरने करा. थोडी आखणी दिली की तो लगेच सगळी स्लाइड रंगवून दाखवतो. कॉर्टेक्स-मेड्युलासाठी कधीकधी एवढ्यानेही काम होतं, आणि नाही झालं तरी नेमकं कुठे अडतंय ते समजतं.

त्यानंतर यू-नेट. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात २०१५ मध्ये तयार झालेली ही रचना चित्र टप्प्याटप्प्याने लहान करत त्याचा अर्थ काढते, मग पुन्हा मोठं करत प्रत्येक पिक्सेलला नाव देते. लहान करताना हरवलेली बारीक कड परत मिळावी म्हणून प्रत्येक टप्प्यावरची माहिती थेट समोरच्या टप्प्याला जोडलेली असते. मूळ संशोधनातला एक प्रयोग फक्त ३० चित्रांवर केला होता. हजारो स्लाइड नाहीत म्हणून अडून बसायचं कारण नाही. चित्र लहान करणारा अर्धा भाग, म्हणजे एन्कोडर, दुसऱ्या चित्रांवर आधीच शिकलेला घ्या, लॉसमध्ये (मॉडेलची चूक मोजणाऱ्या सूत्रात) क्रॉस-एन्ट्रॉपी आणि डाइस (याबद्दल पुढे) दोन्ही मिळवा, आणि तुकडे फिरवून, उलटवून द्या, कारण टिश्यूला वरची-खालची बाजू नसते. जीपीयू नसेल तर कोलॅब किंवा कॅगल या ऑनलाइन सेवांवर काम भागतं.

रंगाकडे मात्र लक्ष द्या. हिमॅटॉक्सिलिन निळं पडतं ते पाण्याच्या अल्कलीपणावर, त्यामुळे दोन लॅबच्या स्लाइड एका रंगाच्या निघत नाहीत. एकाच लॅबमध्येही ताजा रंग आणि आठवडाभर वापरलेला रंग यांत फरक पडतो. मासेन्को आणि सहकाऱ्यांची २००९ ची पद्धत सगळ्या स्लाइड एका रंगावर आणते. मला त्यापेक्षा शिकवतानाच रंग मुद्दाम कमी-जास्त करून देणं पसंत आहे, कारण मॉडेल मग रंगापेक्षा रचनेवर जास्त विसंबतं.

निकाल जोडताना तुकडे एकमेकांवर चढवून घ्या आणि प्रत्येकाचा मधलाच भाग ठेवा. कडेच्या पिक्सेलला अर्धाच भोवताल दिसतो, तिथे चुका जास्त होतात. नाहीतर नकाशावर चौकोनी शिवणी उमटतात. चिकटलेले दोन ग्लोमेरुलस वेगळे करायला वॉटरशेड पद्धत वापरा.

आकडा वाचायचा कसा

सगळीकडे डाइस हा आकडा दिसतो. दोन आखण्यांच्या सामाईक क्षेत्राची दुप्पट भागिले दोन्ही क्षेत्रांची बेरीज. पूर्ण जुळलं तर १, अजिबात नाही तर ०. आता हे बघा.

कॉर्टेक्सचा पट्टा ५ मिलिमीटर जाड आहे आणि मॉडेलने हद्द सगळीकडे १०० मायक्रॉन मेड्युलाच्या बाजूला सरकवली, म्हणजे पट्टा ५.१ झाला. डाइस येतो १० भागिले १०.१, म्हणजे ०.९९. दुसरीकडे १०० मायक्रॉन त्रिज्येच्या ग्लोमेरुलसची हद्द फक्त २० मायक्रॉन बाहेर गेली, तर क्षेत्रफळांचं प्रमाण १०,००० ला १४,४०० होतं आणि डाइस ०.८२ वर येतो. चूक पाचपट लहान, आकडा कितीतरी वाईट. १० मायक्रॉन बाहेर गेली तरी ०.९०. आणि बोमन कॅप्सूलच्या आतली पोकळी धरायची की नाही, हा फरक साधारण याच मापाचा असू शकतो. म्हणजे कागदावर एक ओळ लिहायची राहिली तर बिनचूक चालणारं मॉडेलही नव्वदवर अडकतं, आणि विद्यार्थी महिनाभर लेयर बदलत बसतात.

म्हणून मोठ्या भागांसाठी डाइसबरोबर हाउसडॉर्फ अंतर द्या. दोन रेषा एकमेकींपासून जास्तीत जास्त किती दूर गेल्या ते त्यातून कळतं. एखादा ठिपका सगळं बिघडवू नये म्हणून ज्याच्या आत ९५ टक्के अंतरं येतात ते अंतर घेतात, आणि ते पिक्सेलऐवजी मायक्रॉनमध्ये सांगा. ग्लोमेरुलससाठी किती सापडले, किती सुटले, किती भलतेच धरले हेही वेगळं मोजा. शेजारचे दोन एकत्र धरले गेले तर डाइस जवळपास हलत नाही, पण डॉक्टरांना संख्या हवी असते आणि ती चुकलेली असते.

डॉक्टरांना दाखवताना

निकालाचा तक्ता नेऊ नका. क्युपाथमध्ये मॉडेलची रेष स्लाइडवर चढवून न्या, आणि आधी सर्वांत वाईट आलेल्या स्लाइड उघडा. घडी, शाईचा ठिपका, सूज असलेला भाग, कडक झालेले ग्लोमेरुलस, अशी कारणं मॅडम एका नजरेत सांगतात. प्रत्येक कारण लिहून घ्या. त्यातली काही नियमाच्या कागदात जातील, काही नव्या आखणीत. ‘इथे मॉडेल बरोबर आहे, आखणी चुकली होती’ असंही ऐकायला मिळेल. तेव्हा आखणी दुरुस्त करा आणि तारीख टाकून जुनी प्रतही जपून ठेवा.

हे सगळं अभ्यासाच्या मर्यादेत आहे. रुग्णाच्या अहवालात अशा मोजणीचा आधार घ्यायचा असेल तर सॉफ्टवेअर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतं आणि त्याची मान्यता ही पूर्ण वेगळी प्रक्रिया आहे. तोवर पडद्यावरच्या नकाशावर ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहून ठेवा.

यानंतरची पायरी दुसऱ्या लॅबची. शिकवताना अजिबात न वापरलेल्या लॅबच्या थोड्या स्लाइड मिळवा, त्याच नियमाच्या कागदाने आखून घ्या आणि मॉडेलला हात न लावता चालवा. आकडा खाली येईल. किती खाली आला, आणि रंगामुळे, स्कॅनरमुळे की कापण्याच्या पद्धतीमुळे, हे स्लाइडनिहाय लिहा. रिपोर्टमध्ये या निकालाला पहिलं पान द्या.